पाठकाचं पाण्यातलं अंगण

सन दोन हजार तीन. मला अडुसष्टावं लागलं होतं आणि आमच्या समोरच्या दारातला पाठक पाण्यात गवत लावत होता.

बरोबर वाचलंत. पाण्यात गवत. हॉलमध्ये भिंतीला लावून एक लांबलचक काचेची पेटी, तिच्यात खाली बारीक खडी, वर पाणी आणि डोक्यावर दोन ट्यूबलाइटी. मासा एकही नाही. आलेला माणूस वाकून वाकून मासा शोधायचा आणि पाठक मागे उभा राहून गालात हसायचा, जसा काही मासा ह्याच्याच खिशात आहे. वर सांगायचा, "मासे येतील हो. आधी पुढची रांग बसू दे."

पुढची रांग म्हणजे काचेला लागून जे गवत लावतात ते. मागे उंच झुडपं, मध्ये मध्यम आणि पुढे बोटभर उंचीचं हिरवं. त्या बोटभर हिरव्यापायी ह्या माणसानं अख्खा पावसाळा घालवला.

मी शेतातला माणूस. शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा मास्तरांनी ढकलत नेली. पण दिंडोरीला द्राक्षाच्या बागा केल्या त्या अशा, की लोक थांबून बघायचे. सगळी हयात गवत काढण्यात गेली. गवत मुद्दाम लावतात, त्याला ट्यूबलाइट दाखवतात आणि ते मेलं की तोंड पाडून बसतात, हे मी नाशकात येऊन शिकलो. मुलानं इंदिरानगरला तळमजल्यावर फ्लॅट घेतला आणि बागेतनं मला उपटून इथं आणून लावलं. समोरच्या दारावर पाटी होती, पाठक.

माणूस उंच, हडकुळा. अंगात स्वच्छ शर्ट, पण उजवी बाही कायम खांद्यापर्यंत दुमडलेली, कारण तो हात केव्हाही पेटीत जाणार. लग्नाला निघाला तरी बाही तशीच. खिशाला पेन लावतात तसा ह्याच्या खिशाला डॉक्टरांचा लांब चिमटा. त्या चिमट्यानं तो एकेक काडी खडीत रोवायचा. आमच्याकडं बाया एवढ्या वेळात अख्खं वावर लावून घरी जाऊन भाकरी थापतात.

त्याचा मूळ धंदा फोटोचा. गावात स्टुडिओ होता, पण खरी कमाई शाळांच्या ग्रुप फोटोची. नाशिक म्हणू नका, सिन्नर म्हणू नका, कळवण म्हणू नका, कुठल्याही शाळेत वर्ग बाकावर चढवायचा, काळ्या कापडात डोकं घालायचं आणि ओरडायचं, "बुटके पुढे! उंच मागे! हलायचं नाही!" धंदा बंद झाला, पण ओरडणं राहिलं. आरतीला माणसं गोळा झाली की हा "बुटके पुढे!" जेवणाची पंगत बसली की "बुटके पुढे!" एकदा सोसायटीच्या गणपतीचा फोटो काढायचा होता. ह्यानं सगळ्यांदेखत माझा दंड धरला आणि मला नेऊन लहान पोरांच्या ओळीत बसवलं. डोक्यावर टोपी, तोंडात दात नाहीत, आणि दोन्ही बाजूंना नाक वाहणारी पोरं.

"पाठक, मी बालवाडीतला हाय का?"

"नाना, तक्रार नको. फोटो चांगला येतो."

फोटो चांगला आला. मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

पण मी त्याला येडा म्हणायचो ते ह्यासाठी नव्हे. त्याचं कारण वेगळं. त्या वर्षी संक्रांतीनंतर त्याच्या बायकोला, सुमनवहिनींना, लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं थांबलं. डॉक्टर म्हणाले, जीभ हलते आहे, बोलू शकतील. पण वहिनी बोलत नव्हत्या. मुलगी मनीषा ठाण्याला असते, ती आईला घेऊन गेली. पाठक इथं एकटा. आता दसरा झाला की मनीषा आईला एक दिवस नाशकात आणणार होती. बाप सगळं नीट सांभाळेल असं वाटलं तर आई इथं राहील. नाही वाटलं तर त्याच गाडीनं परत, आणि मग कायमची ठाण्याला. तिनं फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. पाठक फोनवर एवढ्या मोठ्यानं बोलतो की सगळ्या जिन्याला कळलं.

अशा वेळी शहाणा माणूस काय करील? संडासात धरायला दांडी बसवील. चांगली गादी बघील. दिवसाला एक बाई ठेवील. पाठकानं काचेची पेटी आणली.

मी जाऊन झाडलाच त्याला. "अहो, वहिनींना दांडी पाहिजे, गवत नाय!"

"दांडी सांगितलीय. बाईही बघितलीय. पण दांडीकडे बघत दिवस जात नाही, नाना."

"मग खिडकीतनं बघू द्या."

"खिडकीबाहेर काय आहे? शेजारच्या बंगल्याचं कंपाउंड. आणि तिची खाट इथंच हॉलमध्ये लागणार, जास्त वेळ झोपता येतं ते डाव्या कुशीवरच. त्या कुशीला तोंडासमोर भिंत. खाट फिरवली तर दार अडतं. म्हणून भिंतीपाशी ही पेटी. उशीवरून तिला दिसणार तो तळ. पुढे उंच गवत आलं की मागचं सगळं झाकलं. म्हणून पुढची रांग बुटकी."

"मग मासे सोडा चार रंगीत. वर फिरतील."

"मासे फिरतात, नाना. तिची मान फिरत नाही."

ह्यावर मी जास्तच चिडलो.

कॉलेज रोडला एक मासेवाला आहे. खायच्या नव्हे, बघायच्या माशांचा. पाठक त्याच्याकडे रोज जाऊन बसायचा. नवरी बघायला जातात तसं गवत बघायचा. उंची किती? पसरतं की नुसतं उभं राहतं? उजेड किती मागतं? कुणी आजारी पडलं का ह्याच्या घराण्यात? पहिल्या खेपेला मासेवाल्यानं एक रोप दिलं, म्हणाला, काका, एकदम बुटकं. ते बुटकं महिन्यात पाण्याच्या वर येऊन डोकावू लागलं. पाठकानं ते मुळासकट उपटलं आणि माझ्या कुंडीत आणून टाकलं. "घ्या. तुम्हाला उंच आवडतात."

मग आणलं ते केसासारखं बारीक गवत. हेअरग्रास म्हणायचं त्याला. हे म्हणे पसरतं, गालिचा होतो. पण त्याला हवा लागते, माणसं श्वास सोडतात ती. ती हवा कशी करायची, तर बाटलीत साखर, पाणी आणि पाववाल्याकडचं खमीर घालून बूच लावायचं, बुचातून नळी काढून पेटीत सोडायची. मी गेलो तेव्हा बाटलीत फेस आला होता आणि हॉलभर वास सुटला होता. द्राक्षाच्या मुलखात जन्म गेलेल्या माणसाला तो वास कळत नाही होय?

"पाठक, ही भट्टी कधी लावली?"

"भट्टी नाही हो. बुडबुडे झाडांना जातात."

"आणि खाली उरतं ते?"

"गटारात."

"गटारात?" मी म्हणालो. "एवढी साखर घालून? तुम्ही पक्के येडे."

त्यात लोडशेडिंग. दिवे गेले की ट्यूबलाइटी बंद आणि ह्याचा जीव खालीवर. बाहेर अंगणात ऊन, आत गवत अंधारात. मग पाठकानं वहिनींच्या कपाटाचा आरसा काढला आणि माझ्या हातात दिला. मी बाहेर उन्हात आरसा धरून उभा, आणि हा आतून ओरडतोय, "थोडा डावीकडे! हलायचं नाही!" रस्त्यानं जाणारी माणसं बघायची. माझी सून बघायची. मी का धरला आरसा, ते विचारू नका. मी हातातला आरसा टाकला असता तर फुटला असता, एवढंच.

एवढं करूनही गवत बसलं तिथंच बसलं. मरेना आणि पसरेना. दसरा जवळ येत चालला. एक दिवस पाठक माझ्याकडे आला, बाही दुमडलेलीच.

"नाना, तुमच्याकडे द्राक्षांच्या घडांना ते काय लावता हो? घड वाढतात त्यानं?"

"जीए. भुकटी असते."

"गवताला चालेल?"

मी विचार केला. हिरवं ते हिरवं. "चालंल की. पण चिमूटभर. आणि तीबी बारकी."

दिंडोरीच्या पुतण्याकडं मागच्या साली उरलेली पुडी होती, ती मागवून दिली. पुढं काय झालं त्यावर सोसायटीत लोक अजून म्हणतात की नानांनी सांगितलं. मी सांगितलं होतं चिमूटभर. फोटोवाल्याची चिमूट केवढी असते ते मला काय ठाऊक? गवत वाढलं, पण आडवं न वाढता उभंच सुटलं. पिवळट, दोऱ्यासारखं, लांबच लांब. काचेतून बघावं तर कुणी झिपऱ्या सोडून घुमायला बसलंय. मागची झुडपं पार झाकून गेली. औषधाला मी दोष देणार नाही. जीए लांबवायचं काम करतं, ते त्यानं चोख केलं.

पाठक पेटीसमोर स्टुलावर बसला होता. ओरडला नाही, मला बोललाही नाही. चिमट्यानं एकेक दोरा ओढून बादलीत टाकत होता. सगळा तळ उघडा झाला, नुसती खडी.

मला तसला शुकशुकाट सहन होत नाही. मी म्हणालो, "प्लास्टिकचं मिळतं बघा. मरायची भीती नाय, वाढायची नाय."

तो वळला. पहिल्यांदाच मी त्याला रागावलेलं बघितलं.

"प्लास्टिक काल होतं तेच आज असतं, तेच उद्या. तिला उद्या बघायला काहीतरी नको का?"

चार दिवस आमचं बोलणं बंद. हे बरंच झालं, असं मी घरात सगळ्यांना सांगितलं.

पाचव्या दिवशी दार वाजलं. पाठक ओल्या वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळून उभा. आत इवलीइवली रोपं, रुंद पानांची, करंगळीएवढी. मासेवाला म्हणाला होता, "काका, ही बुटकी क्रिप्ट. अंधारात जगते. मरत नाही, पण वाढतही मुंगीच्या पावलानं." पाठक म्हणाला, "मग हीच." गालिचा व्हायला वर्ष लागेल म्हणे. तोवर एकेक रोप सुटं सुटं दिसणार, म्हणून निदान ओळ तरी नीट लागायला पाहिजे.

"नाना, ओळीचं तुम्हाला कळतं."

आता हे मात्र खरं. दिंडोरीत माझी ओळ बघून दुसरे आपली ओळ आखायचे. मी मुलाच्या हत्यारांच्या डब्यातला दोरा काढला, पेटीच्या काठावर ह्या टोकापासून त्या टोकाला ताणला, स्टुलावर चढलो, एक डोळा मिटला आणि वरून सांगू लागलो. "डावीकडं. लय गेलं. मागं घ्या. आता उजवीकडं. अहो, उजवा हात कुठला तुमचा?" तो चिमट्यानं रोवत होता, मी शिव्या घालत होतो. पण ओळ अशी लागली की गोळी मारली तर सगळ्या रोपांना लागावी. पाठकसुद्धा म्हणाला, "वा."

दसरा होऊन आठवडा झाला आणि मनीषा आईला घेऊन आली. गाडीवाला आणि पाठक, दोघांनी मिळून वहिनींना उचलून खाटेवर डाव्या कुशीवर ठेवलं. मी दारात उभा होतो. वहिनी निम्म्या झाल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे उघडे, पण कशावर टिकत नव्हते.

मनीषा मुलगी कामाची. आली तशी घर तपासायला लागली. संडासातली दांडी हलवून बघितली. गादी दाबून बघितली. कामाच्या बाईला चार प्रश्न विचारले. मग हॉलमध्ये आली आणि पेटीपाशी थांबली.

"बाबा, हे काय आहे?"

पाठक म्हणाला, "अंगण."

"बाबा, आईला कूस बदलायला माणूस लागतं. दिवसातून किती वेळा, माहीत आहे? आणि तुम्ही अंगण करत बसलात?"

माझ्या मनातलं इतकं नेमकं आजवर कुणी बोललं नव्हतं. पण पाठकाच्या तोंडाकडं बघितलं आणि मला ते बोलणं आवडलं नाही.

"मी गाडी थांबवून ठेवलीय," ती म्हणाली. आवाज खाली आला होता तिचा. ती काही वाईट नाही, थकली होती. "जेवण झालं की आईला घेऊन निघते. तुम्हाला एकट्याला नाही जमणार बाबा."

पाठक पेटीच्या बाजूला हात मागे बांधून उभा राहिला आणि वहिनींच्या डोळ्यांकडं बघू लागला. फोटो काढायच्या आधी उभा राहायचा तसा. मनीषा औषधं पिशवीत भरू लागली. वहिनींची नजर खडीवरनं फिरली, पुढच्या रांगेपाशी आली आणि तिथं थांबली. कपाळावर आठी पडली.

"वाकडं," वहिनी म्हणाल्या.

मनीषाच्या हातातली बाटली खाली पडली. "आई? काय म्हणालीस?"

अर्ध्या तोंडातून, जडच, पण चांगलं ऐकू येईल असं पुन्हा आलं, "वाकडं."

पाठक मटकन फरशीवर बसला. आधी मला वाटलं हा रडतोय, पण तो हसत होता, किंवा दोन्ही. "ऐकलंत ना, नाना? ऐकलंत? माझ्या स्टुडिओत मी टांगलेला एक फोटो हिनं कधी सरळ म्हटला नाही. मी स्टुलावर, ही खाली कमरेवर हात ठेवून. वाकडं. लग्न झाल्यापासून वाकडं. घरात इतके महिने एक माणूस मला वाकडं म्हणायला नव्हतं हो."

ते सगळं ठीक. पण वाकडं म्हणजे काय? ओळ माझी होती.

"वहिनी," मी पुढं होऊन म्हणालो, "दोरा धरून लावलीय ती. मी लावलीय. सरळ हाय."

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. लकवा झालेलं माणूस एवढ्या तुच्छतेनं बघू शकतं हे मला माहीत नव्हतं. मी त्यांना दाखवून द्यायचं म्हणून खाटेशेजारी गुडघे टेकले, टोपी काढली आणि डोकं पार उशीच्या काठापर्यंत खाली नेऊन पेटीकडं बघितलं.

आम्ही ओळ वरून धरली होती. वरून ती सरळच होती. पण खडी कुठं उंच, कुठं खोलगट. उशीवरून बघावं तर एक रोप टेकाडावर, दुसरं खड्ड्यात, तिसरं मान मोडून. सगळी ओळ उंटावर बसल्यासारखी खालीवर जात होती.

"वाकडी हाय," मी म्हणालो.

पाठक माझ्या बाजूला गुडघ्यांवर आला. गाल उशीच्या काठाला टेकून त्यानंही बघितलं.

"जन्मभर कॅमेरा कुठं ठेवायचा तेच केलं मी," तो हळूच म्हणाला. "आणि तिच्या उशीवरून एकदाही बघितलं नाही."

मग उठला, चिमटा काढला आणि हात पाण्यात घातला. पहिलं रोप उपटून खडी सारखी केली, पुन्हा रोवलं आणि वहिनींकडं वळून बघितलं. त्यांनी पापणीसुद्धा हलवली नाही. ह्यानं पुन्हा उपटलं. पुन्हा रोवलं. वहिनींनी डोळे मिटून उघडले. पुढचं रोप. मनीषा पिशवी हातात धरून बघत होती. थोड्या वेळानं तिनं पिशवी टेबलावर ठेवली आणि काही न बोलता बाहेर गेली. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग वळल्याचा, मग गेल्याचा. ती एकटीच परत आत आली आणि कामाच्या बाईला म्हणाली, "चहा टाका. साखर कुठं असते?"

"बाटलीत," मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

पण रोपांनी आत मुळं धरली होती. उपटताना निम्मी तुटत होती. पाठकानं तुटकी रोपं तळहातावर घेऊन मला दाखवली.

"नाना, कमी पडणार. आणि आता हिला सोडून मला दुकानात जाता येणार नाही."

"मग मी काय करू?" मी म्हणालो. "तुमचं गवत, तुमची पेटी, मरा तिकडं." आणि टोपी घालून घरी आलो. जेवताना सुनेलाही सांगितलं की समोरच्या येड्याचं नाव ह्या घरात काढायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर आंघोळ उरकली, धुतलेली टोपी घातली, सिटी बस धरली आणि कॉलेज रोडला त्या मासेवाल्याच्या बंद शटरसमोर पायरीवर जाऊन बसलो.